लोकरीला विटाळ नसतो

डॉक्टर कुणाच्याही घरी बसत नसत. म्हणजे यायचे, चहा प्यायचे, तासभर बोलायचेही. पण बसायची वेळ आली की काखेतली काळी घोंगडी काढायचे, बाहेर जाऊन झटकायचे, चौपदरी घडी करून खुर्चीवर घालायचे आणि मगच टेकायचे. आमच्या घरी वेताच्या खुर्च्या होत्या, हवाई दलाने दिलेल्या. त्यांच्याकडेही ते संशयाने बघत. "या कुणाकुणाच्या घरून फिरून आल्या असतील, सांगता येतं का तुम्हाला?" असं एकदा त्यांनी विचारलं, आणि त्यानंतर कितीतरी दिवस मीही त्या खुर्चीत अंग चोरून बसत होते.

लखनौमधल्या मराठी मंडळाच्या गणपतीत सगळे सतरंजीवर बसलेले असायचे आणि हे गृहस्थ पहिल्या रांगेत, कडेला, स्वतःच्या घोंगडीवर. बायका तोंडाला पदर लावून हसायच्या. लखनौच्या लोकांची तर फारच पंचाईत व्हायची. समोरचा अदबीने वाकून "तशरीफ़ रखिए, जनाब" म्हणायचा, गादीवरचा तक्क्या सरकवायचा, आणि डॉक्टर आपल्या सातारी हिंदीत सांगायचे, "नको, नको. मैं मेरे घोंगडीपे बैठता हूँ." अमीनाबादेतल्या एका कापडवाल्याने ते ऐकून "जैसी आपकी ख़ुशी" म्हटलं होतं, पण त्याचा चेहरा मला अजून आठवतो.

माझी त्यांची गाठ पडली ती नोकरीमुळे. हवाई दलातल्या नवऱ्याची बदली लखनौला झाली आणि परभणीला घेतलेली पशुवैद्यकाची पदवी पुन्हा ट्रंकेत जाणार, अशी माझी खात्री होती. पण सरोजिनी नगरच्या पुढे, कानपूर रोडपासून थोडं आत, मेंढ्या आणि लोकर यांचं एक लहानसं सरकारी केंद्र होतं. तिथे एक हंगामी जागा निघाली. वर्ष नव्वदीच्या दशकातलं, मधलं कुठलं तरी. हंगामी म्हणजे दर थोड्या महिन्यांनी नव्याने ऑर्डर यायची, आणि ती येईपर्यंत माझा जीव टांगणीला असायचा. मी मुळातच काळजी करणारी. गॅस बंद केला का, कुलूप लागलं का, ऑर्डर येईल का. मन चिंती ते वैरी न चिंती, असं आई मला उद्देशूनच म्हणायची. डॉक्टर भेटले आणि पहिल्यांदाच मला माझ्यापेक्षा जास्त काळजी करणारा माणूस दिसला.

केंद्रात ते साहेब आणि मी त्यांची मदतनीस. ते मला "डॉक्टरीणबाई" म्हणायचे आणि कायम अहो-जाहो करायचे. बायको-मुलं पुण्यात, निवृत्तीला फारसे महिने उरलेले नव्हते. अंगाने किडकिडीत, कानावर केस, सदऱ्याची गळ्यापर्यंतची बटणं मे महिन्यातही लावलेली. माणसांशी ते बोलायचे मोडक्या हिंदीत आणि मेंढ्यांशी शुद्ध मराठीत. "अगं बाई, हल की जरा. तुला कोण खातंय?" असं म्हणत ते अवधच्या मेंढीला उलटी करायचे आणि ती बिचारी ऐकायचीसुद्धा.

पहिल्याच दिवशी त्यांनी मला अंगणातल्या मेंढीपुढे उभं केलं. या मेंढीचं नाव काशी. ती केंद्राची होती, शिकवण्यापुरती पाळलेली. कुंपणाबाहेर कधी गेलेली नाही आणि दुसरी मेंढी तिच्या वाऱ्याला उभी राहिलेली नाही. तिची पाठ नखांनी खाजवत त्यांनी विचारलं, "काय दिसतं?"

मी पाठीवरची लोकर फाकवून बघायला लागले.

"पाठ नका बघू. ओठ बघा."

मेंढीला खरूज असली की तिच्या कुशीला खाजवल्यावर तिला इतकं बरं वाटतं, की मान ताणून ती ओठ चाळवायला लागते, जीभ बाहेर काढते, हवेतच काहीतरी चघळल्यासारखं करते. लोकर वरून दाट दिसत असली, कातडीवर अजून खपली धरलेली नसली, तरी ओठ बोलून जातात. निरोगी मेंढी नुसती उभी राहते, नाहीतर कंटाळून सरकते. काशी सरकली. "ही निरोगी," डॉक्टर म्हणाले. "पाठीला विचारायचं, उत्तर ओठांकडून घ्यायचं. लक्षात ठेवा."

ते लक्षात राहिलं, आणि त्याचा त्रासच जास्त झाला. मी माणसांचेही ओठ बघायला लागले. ऑर्डर कधी येईल असं विचारताना मोठ्या ऑफिसातल्या बाबूचे ओठ, उशीर का झाला विचारताना नवऱ्याचे ओठ. नवरा वैतागून म्हणाला, "यार, मी मेंढी नाहीये."

दुसरी त्यांची शिकवण कडेची. खरजेचे किडे डोळ्यांना दिसत नाहीत, मायक्रोस्कोपखाली बघावे लागतात. त्यासाठी कातडी खरवडून घ्यायची. मी पहिल्यांदा खपलीच्या मधोमध खरवडलं आणि काचेखाली काहीच सापडलं नाही. डॉक्टर खूश झाले. माझं चुकलं की ते खूश व्हायचे. "मधून ते कधीच पुढे निघून गेलेले असतात," ते म्हणाले. "जिथे रोगी कातडी संपते आणि चांगली सुरू होते, तिथे बघा. कडेला."

आणि तिसरी गोष्ट ते शिकवत नसत, जपासारखी म्हणत असत. "एक राहिली तर सगळ्या राहिल्या." कळपातल्या शंभर मेंढ्यांना औषधाच्या पाण्यात बुचकळलं आणि एकीला वगळलं, तर ती एक सगळ्या कळपाला पुन्हा खरूज देते. ती म्हातारी आहे, ती गाभण आहे, ती धन्याची लाडकी आहे, असलं काही चालत नाही. मेंढ्या बाभळीला, कुंपणाला अंग घासतात, तिथे लोकरीचे पुंजके अडकतात आणि त्या पुंजक्यांतही किडे पंधरवडाभर जिवंत राहतात. म्हणून औषधानंतर कळपाने जुनी जागासुद्धा सोडायची. लोक ऐकत नसत. कुणीतरी लाडकी मेंढी घरात रजईखाली लपवून ठेवायचाच. डॉक्टरांनी अशा मेंढ्या खाटेखालून, भुशाच्या खोलीतून, एकदा तर नव्या सुनेच्या खोलीतून ओढून काढल्या होत्या, असं ते अभिमानाने सांगायचे.

खेलावनचा कळप मलिहाबादच्या आमराईत बसायचा. खेलावन पाल, पिढीजात मेंढपाळ, चाळिशीचा, कमी बोलणारा. बोलायचं काम त्याची बायको सुखरानी करायची. हिवाळ्यात बागवाले मेंढपाळांना बोलावतात. मेंढ्या झाडांखाली बसतात, लेंड्या पडतात, बागेला खत मिळतं आणि कळपाला आसरा. त्याची खरूज आम्ही दिवाळीनंतर लगेच पकडली. ऊन चांगलं होतं. बागेजवळ पक्का हौद होता, त्यात औषध कालवलं आणि सगळा कळप एका दिवसात काढला. आधी पाणी पाजून, म्हणजे तहानेने औषध पिणार नाहीत. प्रत्येकीला मिनिटभर आत, डोकं दोनदा बुडवून. मी कडेला उभी राहून आकडीने मानेला आधार देत होते आणि मनात म्हणत होते, एखादी बुडाली तर माझी ऑर्डर गेली. कुणी बुडालं नाही. खेलावनने कळप लगेच दुसऱ्या बागेत हलवला. आठवड्याने जाऊन डॉक्टरांनी कळप पुन्हा तपासला. सगळं पुस्तकात लिहिल्यासारखं झालं.

डॉक्टरांची स्वतःची सावधगिरी तर पुस्तकापेक्षा कडक. प्रत्येक कळपाच्या वेशीवर ते जीपमधून फिनेलची बादली उतरवायचे. बूट त्यात, माझेही. कोट बाहेर खुंटीला नाहीतर फांदीला. हात कोपरापर्यंत धुवायचे. आणि कळपात गेल्यावर सुखरानी दरवेळी म्हणायची, "बैठो साहेब, खटिया बिछी है." साहेब दरवेळी मान हलवायचे. खाटेच्या सुतळीत काय काय अडकलेलं असतं, ते मला नंतर जीपमध्ये सविस्तर सांगायचे. ते जमिनीवर घोंगडी अंथरायचे, तीवर बसायचे, मेंढीला ढुंगणावर बसती करून तिची पाठ आपल्या गुडघ्यांना टेकवायचे आणि कूस तपासायचे. मग दुसरी, मग तिसरी. मग घोंगडी झटकून काखेत, आणि जीप पुढच्या कळपाकडे.

त्या घोंगडीची गोष्ट त्यांनी मला एकदाच सांगितली. त्यांची आई फार सोवळ्याची. मुलगा जनावरांचा डॉक्टर होतो म्हटल्यावर तिने दोन दिवस तोंडात घास घेतला नव्हता. पुढे ते सुट्टीला घरी गेले, की ती त्यांना परसात अडवायची. कपडे बाहेर, आंघोळ बाहेर, पुस्तकांवरही पाणी शिंपडायची. फक्त घोंगडी तेवढी थेट आत. "लोकरीला विटाळ नसतो," आई म्हणायची. ती स्वतः लोकरीची धाबळी नेसूनच स्वयंपाक करायची. परसातून घरात जाताना अंगावर ती घोंगडी असली, की आपण बाटलेले नाही असं वाटायचं, हे सांगताना डॉक्टर हसले होते. मला ते फार आवडलं होतं. सासरी सोवळं-ओवळं मीही बघितलेलं, त्यामुळे मला त्यात काही वावगंही दिसलं नाही.

पौषात खेलावनचा निरोप आला. भेड़ी पुन्हा खाजवताहेत.

आम्ही गेलो तेव्हा आमराईत धुकं इतकं होतं, की कळप आधी ऐकू आला आणि मग दिसला. मेंढ्या खोडांना अंग घासत होत्या. कित्येकींच्या खांद्यावरची लोकर गेली होती, कातडी ओलसर, पिवळट. खाजवण्याच्या नादात चरणं सुटलेलं, त्यामुळे कण्याची हाडं हाताला लागत होती. त्यातल्या बऱ्याच गाभण, फाल्गुनात विणाऱ्या. डॉक्टरांनी घोंगडी अंथरली. पहिलीच्या कुशीला हात लावला मात्र, तिने मान वर केली आणि ओठ चाळवले. दुसरीनेही. पाचव्या-सहाव्या मेंढीनंतर त्यांनी तपासणं थांबवलं आणि खेलावनकडे बघितलं.

"एक बची थी," ते म्हणाले. "बोलो, कौनसी छुपाई?"

"कौनो नाहीं, साहेब."

"झूठ मत बोलो. एक राखी तुमने. म्हातारी थी, या लाडकी थी. कहाँ थी? खाट के नीचे?"

"गंगा कसम, साहेब. सब आपके सामने बूड़ी हैं."

सुखरानी पुढे आली. "घर का कोना-कोना देख लो, साहेब. हम अपनी भेड़ी के दुसमन हैं का?"

डॉक्टर ऐकायला तयार नव्हते. त्यांचा आवाज चढला. धुक्यामुळे माणसं दिसत नव्हती, पण शेजारच्या बागांतले मेंढपाळ आवाजाने जवळ आले होते आणि त्यांनी सगळं ऐकलं. खेलावनने एक मेंढी लपवली आणि खुजली परत आणली, ही बातमी संध्याकाळपर्यंत साऱ्या पट्ट्यात झाली. तळ्यावर त्याच्या कळपाला पाणी बंद झालं. मेंढपाळांत तो आधी मुक्याने राहायचा, आता इतरच त्याच्याशी बोलेनात. बागेचे मालक तेवढे सभ्यपणे म्हणाले, "मियाँ, हमारी भी मजबूरी समझो. दूसरे भेड़वाले आने से मना कर रहे हैं." म्हणजे बागही जाणार.

आणि इलाज हाताशी नव्हता. सुईचं नवं औषध आलेलं होतं, पण आमच्या केंद्राच्या वाट्याला ते अजून आलं नव्हतं. उरला हौद. पण थंडीत, धुक्यात, ओल्या लोकरीनिशी गाभण मेंढ्या बाहेर काढल्या तर खरजेऐवजी न्यूमोनियाने मरतील. ऊन पाहिजे. लखनौच्या पौषात ऊन मागणं म्हणजे काय, ते तिथे राहिलेल्यालाच माहीत. सकाळी खिडकी उघडावी तर बाहेर चुना कालवल्यासारखं पांढरं. विमानतळाकडून एकही आवाज नाही, नवरा घरीच. मी चहाचा कप हातात धरून आभाळाकडे बघत राहायची आणि मला त्या मेंढ्यांचे ओठ दिसायचे. ऑफिसात गेले की डॉक्टरही खिडकीशी. "आज निघेल?" "वाटत नाही." एवढंच आमचं बोलणं. दरम्यान खेलावनने कुणाच्या तरी सांगण्यावरून जळकं मोबिल ऑइल काही मेंढ्यांना चोपडलं. त्याने किडे मेले नाहीत, मेंढ्याच आणखी गारठल्या. दोन गाभण मेंढ्या त्या आठवड्यात मेल्या.

ते कळलं तेव्हा डॉक्टर मोठ्याने म्हणाले, "एक लपवली, दोन गेल्या. भोगा." पण नंतर दिवसभर ते जेवले नाहीत. डबा तसाच काशीपुढे ठेवला.

पुढची बातमी मला जास्त घाबरवणारी होती. काकोरीच्या बाजूला एका कळपात खरूज निघाली. मग तिसरीकडे एका कळपात. या कळपांचा खेलावनच्या कळपाशी काही संबंध नव्हता. तळं वेगळं, रस्ता वेगळा. डॉक्टर नकाशापुढे उभे राहून पुटपुटायचे, "हिची तिची भेट नाही. मग कसं?" मी म्हणाले, "बाजारात भेटल्या असतील." ते पुन्हा नकाशाकडे वळले.

उत्तर काशीने दिलं. सकाळ तशीच धुक्याची. मी फाटकातून आत आले तर डॉक्टर अंगणात उकिडवे बसलेले आणि चेहरा कागदासारखा. "डॉक्टरीणबाई, इकडे या. मी खाजवतो, तुम्ही ओठ बघा. माझ्या डोळ्यांवर माझा भरवसा नाही."

त्यांनी काशीच्या कुशीला नखं लावली. काशीने मान ताणली, डोळे अर्धवट मिटले आणि ओठ चाळवायला सुरुवात केली.

त्यांनीच कड बघून खरवडलं, मी तेलाचा थेंब टाकला, काच मायक्रोस्कोपखाली सरकवली. किडा होता. जिवंत, पाय हलवणारा.

"ही बाहेर गेलेली नाही," डॉक्टर म्हणाले. "हिच्याकडे कुणी आलेलं नाही. बाहेरून इथे फक्त आपण दोघं येतो."

बूट? बूट फिनेलमध्ये बुडवले होते. हात? धुतले होते. माझी शाल? मी ती जीपमध्येच ठेवायची. मी भराभर सांगत होते आणि डॉक्टर ऐकत नव्हते. ते माझ्या खांद्यावरून पलीकडे, व्हरांड्याकडे बघत होते. तिथे दोरीवर त्यांची घोंगडी वाळत घातली होती, धुक्याने दमट झाली म्हणून. आणि काशी आमच्या हातून सुटून तिथे गेली होती व घोंगडीच्या लोंबत्या टोकाला सावकाश अंग घासत होती.

ते उठले. घोंगडीच्या कडेचे चार केस चिमट्याने उपटले, काचेवर ठेवले, आणि बघायला मला सांगितलं. मी बघितलं. मग त्यांनी बघितलं. बराच वेळ डोळा लावून ते तसेच वाकून उभे होते.

"कडेला," ते शेवटी म्हणाले.

तेवढं बोलून ते खुर्चीवर बसले. घोंगडी न घालता, नुसत्या सरकारी खुर्चीवर. मी त्यांना असं बसलेलं प्रथमच बघत होते.

मी काळजी करणारी बाई, मला सुचलं तेच मी म्हणाले. कुणाला सांगायची गरज नाही. घोंगडी औषधात बुडवू, नाहीतर जाळू. ऊन पडलं की सगळे कळप हौदातून काढू. रोग जाईल, विषय संपेल. निवृत्तीच्या तोंडावर चौकशी लागली तर? माझ्या ऑर्डरचाही विचार माझ्या मनात होताच.

"आणि खेलावन?" त्यांनी विचारलं.

"त्याचा कळप बरा होईल की."

"कळप बरा होईल. पण तो चोर राहील." त्यांनी चष्मा काढून पुसला. "अहो, सगळं धुतलं मी. बूट धुतले, नखं धुतली, तुम्हाला धुवायला लावलं. ही एकच धुतली नाही. पस्तीस वर्षं मी दुसऱ्यांच्या घरात लपवलेली मेंढी शोधतोय."

वसंत पंचमीच्या सुमारास धुकं उठलं. पहिल्या दिवशी ऊन नुसतं पिवळट होतं, पण दुसऱ्या दिवशी भिंती तापल्या. डॉक्टरांनी तिन्ही कळपांना मलिहाबादच्या हौदावर बोलावलं. बाकीचे मेंढपाळ खेलावनसोबत यायला तयार नव्हते. डॉक्टर स्वतः दोन्हीकडे जाऊन हात जोडून आले. सकाळी हौदाभोवती माणसं जमली, मेंढ्या पाणी पिऊन उभ्या होत्या, औषध कालवलेलं होतं. खेलावन आपला कळप घेऊन सगळ्यांत लांब उभा होता आणि सुखरानी त्याच्याही मागे. आज तिने बैठो म्हटलं नाही.

डॉक्टर हौदाच्या काठावर गेले. काखेत घोंगडी होती, पण प्लास्टिकच्या पोत्यात बांधलेली. "सुनो," ते म्हणाले, आणि मला त्यांच्या हिंदीची भीती वाटली. "खेलावन ने कुछ नहीं छुपाया था. एक भी नहीं. मैंने उसको सबके सामने झूठा बोला. जो एक बची थी, वो मेरे बगल में थी." त्यांनी पोतं सोडलं, घोंगडी काढली आणि वर धरली. "इसमें था किडा. मैं लेके घूमता था. इसके कळप से उसके कळप में. मैंने लाया."

मग ते वाकले आणि घोंगडी हौदात सोडली. हातमोजे घातलेल्या हातांनी ती खाली दाबून धरली. मिनिटभर. मग तिचं वरचं टोक दोनदा बुडवलं, जसं मेंढीचं डोकं बुडवतात. मागून कुणीतरी हसलं. एक म्हातारा मेंढपाळ म्हणाला, "अब का, साहेब, आपको भी हौद में बोरें?" त्यावर आणखी काही जण हसले, पण ते हसणं चांगलं नव्हतं.

सुखरानी पुढे आली. तिचा आवाज चढलेला नव्हता. "हमार दुई गाभिन भेड़ी मर गईं, साहेब. पानी तक न मिला हमको."

"हाँ," डॉक्टर म्हणाले.

"अब कहत हो."

"हाँ. अब कहता हूँ."

ते बाजूला झाले आणि खेलावनला म्हणाले, "पहले तुम्हारी." त्या दिवशी सगळ्यांत आधी खेलावनचा कळप हौदातून गेला. मी आकडी धरली होती आणि नजर आभाळाकडे होती. ऊन गेलं तर, एखादी गारठली तर, एखादीने गाभ टाकला तर. घोंगडी दिवसभर कुंपणावर निथळत होती. संध्याकाळी डॉक्टरांनी ती तिथेच जाळली. ओल्या लोकरीचा वास माझ्या साडीला किती तरी दिवस येत होता.

चौकशी लागली का? लागली. वरून एक अधिकारी आले, दोन प्रश्न विचारले, आणि घोंगडी हा शब्द हिंदी कागदात कसा लिहावा यावर त्यांचं अडलं. माझी ऑर्डर मात्र आली. पण त्या दिवसांत खरं सांगायचं तर मला ऑर्डरची आठवणही होत नव्हती. पुन्हा एकदा हौद झाला. मग वाट बघणं उरलं. डॉक्टर ऑफिसात उभ्याउभ्या काम करायला लागले. घोंगडी नाही म्हणून कुठेच बसत नव्हते. त्या सकाळी बसले होते तेवढेच. मी एक नवी सुती चादर दिली तर "नको, बाई" म्हणाले.

फाल्गुनात आम्ही मलिहाबादला गेलो. आमराई मोहराने भरलेली, मधमाश्यांचा आवाज. खेलावनच्या मेंढ्यांच्या अंगावर नवी लोकर फुटत होती, आखूड, पांढरी. काही व्यालेल्या होत्या. डॉक्टरांनी जमिनीवर नुसतं उकिडवं बसून तपासायला सुरुवात केली. ते खाजवायचे, मी ओठ बघायची. एकेक मेंढी सरकत होती, कंटाळत होती, आपल्या कोकराकडे बघून ओरडत होती. सगळा कळप झाला. एकाही मेंढीचे ओठ हलले नाहीत.

डॉक्टर उठून उभे राहिले, पण गुडघे धरून. काय करावं हे त्यांना कळेना. हात धुवायला बादली कुठे ते शोधू लागले.

खेलावन झाडाखालची खाट उचलून त्यांच्यासमोर घेऊन आला आणि ठेवली. इतक्या महिन्यांत तो आपणहून पहिल्यांदाच बोलला. "बैठो, साहेब."

डॉक्टरांनी खाटेकडे बघितलं, सुतळीकडे बघितलं. मग बसले. थेट. खाट करकरली. सुखरानी चुलीपाशी उभी होती, ती बघत राहिली.

खेलावन त्यांच्यामागे गेला. त्याने डॉक्टरांच्या पाठीवर, सदऱ्यावरून, दोन्ही खांद्यांच्या मध्ये हात ठेवला आणि मेंढीला खाजवतात तसं नखांनी हळूच खाजवलं. "देखें, साहेब," तो म्हणाला, "अब कौनो बची तो नाहीं?"

सुखरानी पदरात हसली. मलाही हसू आलं, आणि हसता हसता मी सवयीने डॉक्टरांच्या ओठांकडे बघितलं. ते हलत होते. मी लगेच मान वळवली आणि कोकरं बघत राहिले.